ब्रॉडी वेंधळा झाला, पण उगाच नाही

सोलापूरच्या आपल्या मंडळींत 'इंडियाना जोन्स चित्रपटांच्या तिसऱ्या भागात मार्कस ब्रॉडीचं उगाच हसं केलं' असा सूर आहे. ब्रॉडी म्हणजे नायक इंडियानाचा, म्हणजे इंडीचा, संग्रहालयातला वडीलधारा मित्र. हसं झालं हे खरं, पण त्याला कारण आहे.

'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'मध्ये (१९८१) ब्रॉडीकडे वजनदार काम आहे: आर्कचं, म्हणजे दहा आज्ञांच्या पवित्र पेटीचं, भय प्रेक्षकाच्या मनात उतरवणं. इंडी बेफिकीरपणे बॅग भरतो, ब्रॉडी त्याला सावध करतो. 'लास्ट क्रूसेड'मध्ये (१९८९) ते काम वाटून गेलं. ग्रेलची, म्हणजे येशूच्या पवित्र पेल्याची, कथा डोनोव्हन हा धनाढ्य संग्राहक सांगतो आणि बुजुर्ग अभ्यासकाची जागा इंडीचे वडील घेतात. ब्रॉडीला विनोदच उरला. इंडी शत्रूसमोर ब्रॉडीच्या हुशारीच्या थापा मारतो आणि पुढच्याच दृश्यात ब्रॉडी परक्या शहराच्या गर्दीत भांबावलेला दिसतो. कट अफलातून, पण जुना ब्रॉडी त्यात गेला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

इंडीचा इजिप्तमधला मित्र सल्लाह, त्याचंही थोडं तसंच. आधी इंडीला विषारी खजुरापासून वाचवणारा, नंतर मेहुण्याच्या गाडीच्या भरपाईत उंट घेणारा.

आपल्यातले जे स्वतःच्या कथेचा दुसरा भाग लिहितायत, त्यांनी प्रत्येक दुय्यम पात्रापुढे त्याचं पहिल्या भागातलं काम लिहावं: माहिती देतो, वाचवतो, अडवतो, हसवतो. नवं पात्र त्यातलं काय उचलतंय ते तपासा. विनोद द्यायचाच असेल, तर त्याची जुनी जाण कामी येईल असा एक प्रसंग आधी ठेवा. नंतर ठेवलात तर प्रेक्षक तिथेही हसायच्याच तयारीत असतो.