लाल गाडीच्या बोनेटवर रंगाखाली सीलर (रंगाआधी मारायचा थर) कुठल्या शेडचा मारायचा?

खानापूरवाला: नवीन बोनेट बसवलंय, गॅरेजात लाईट ग्रे सीलर होता तोच मारला, वर लाल चार कोट दिले तरी फेंडरशेजारी (चाकावरच्या पत्र्याशेजारी) फिकट गुलाबीसर दिसतंय. गिऱ्हाईक परवा येणार हाय, काय करू?

उद्यमबाग_पेंटर: लाल आणि पिवळा खालचं झाकत नाहीत की रे, सीलरचा ग्रे वर दिसतोच, फिकट असला की रंग उजळ, काळपट असला की रंग गडद, मरूनसारखा दिसतो. कलर कोड बघ, बऱ्याच रंग कंपन्या फॉर्म्युल्यातच कुठला ग्रे ते देतात. एकाच कंपनीचा पांढरा-काळा सीलर मिसळून तो शेड बनव.

निपाणीकर: आणि थेट बोनेटवर मारू नको बाबा! आधी ट्रायलच्या कार्डावर मार. तोच सीलर, वर काळ्या-पांढऱ्या चौकटीचा स्टिकर, चौकटी दिसेनाशा होईपर्यंत कोट मोज, गाडीवर पण तेवढेच. क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मारून वाळू दे, ओल्यावर शेड कळत नाही. मग कार्ड फेंडरला टेकवून बाहेर उजेडात बघ, समोरून आणि तिरकं. ट्यूबलाईटखाली जुळलेला माझा एक दरवाजा सकाळी उन्हात वेगळाच निघाला, पूर्ण परत करावा लागला, तेव्हापासून उजेडात बघितल्याशिवाय स्प्रे गन धरत नाही.

उद्यमबाग_पेंटर: फेंडर आधी पॉलिश कर हां, उन्हानं फिक्या पडलेल्या रंगाशी जुळवशील नाहीतर. थोडा फरक राहिलाच तर नवा रंग फेंडरावर विरळ करत नेऊन ब्लेंड करून घे.

खानापूरवाला: आत्ताच कार्डं कापायला घेतली, उद्या उजेडात बघून सांगतो.