अनुभव धागा: सायकलवाला गेला, फोटो हलला

माळ्यावरचा
काल माळा आवरताना निगेटिव्हची पट्टी सापडली. मुंबई-पुणे सायकल शर्यत, खंडाळ्याचा घाट, अख्खा रोल तिथेच संपवलेला. शटर १/५०० सेकंदावर ठेवून अडून बसलो होतो. सगळे खणखणीत आले, चाकाचा एकेक आरा मोजून घ्या, पण वाटतं स्टँडवर सायकल लावून वर बसलेत. शेवटचे चार सावलीतल्या वळणावर, १/३० ला, सायकलीबरोबर कॅमेरा फिरवत काढले. तीन वाया. एकात चेहरा जागेवर, चाकांची भिंगरी आणि मागची झाडं नुसते पट्टे! तुमचेही येऊ द्या, फसलेले आधी.

तिरपागडा
चढावर १/३० पण फार जलद हो. माणूस धापा टाकत चाललेला, १/१५ शिवाय मागचं पुसत नाही. उतारावर १/१२५ लाही वारा दिसतो. कमरेतून वळायचं, आणि क्लिक झालं तरी फिरत राहायचं. मी क्लिकला थबकायचो. दोन वर्षं प्रत्येक फोटोत डोकं हललेलं.

खादाड
घाट म्हटलं की वडा. त्या वर्षी 'घाटांचा राजा', म्हणजे घाट आधी चढणारा, कोण?

माळ्यावरचा
राजा आठवत नाही, वडा आठवतो.

सईची_आई
मी लेकीला सोसायटीत गोल गोल फिरवून शिकले. विसाव्या फेरीला म्हणाली, आई आता तू चालव. तिने काढलेल्या फोटोत मी नाहीच, नुसती भिंत. कुकर झाला, येते.

नवशिका
दुपारी १/३० ठेवलं की पांढरंफटक. आयएसओ (फिल्म-सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ १६. काय चुकतंय?

तिरपागडा
ऊन जास्त, बाकी काही नाही. दोन स्टॉपचा एनडी फिल्टर लाव, उजेड पाव करणारी काळपट काच. नाहीतर लेन्सपुढे गॉगलची काच धर.

नवशिका
बायकोचा धरला. ओरखडा पडला. पुढचं विचारू नका.

जिना
उलटंही करून बघा. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँनी १९३२ मध्ये फ्रान्सात इयेरला वरून टिपलेला जिना स्थिर, खालचा सायकलवाला धूसर. मीही आमच्या जिन्यात तासभर उभा राहिलो. एक दूधवाला गेला, तोही पायी.

परदेशस्थ
इथे नेदरलँड्समध्ये, उत्रेख्तला सायकलींना तोटा नाही, सगळ्या एका वेगात, सरावाला झकास. बाबा चिंचवडला रोज सायकलने कामावर जायचे. सायकलवरचा त्यांचा एक फोटो नाही. हललेलासुद्धा.

सईची_आई
😔 आमच्याकडेही नाही.
माळ्यावरचे, तो जमलेला टाका की!

माळ्यावरचा
स्कॅनर लेकाकडे. रविवारी.