आईच्या कानात गाठ, बायोप्सीत सेरुमिनस ॲडेनोमा. ऑपरेशन करावंच लागतं का?

सांजवेळ:
आईचं वय ५८. बरेच महिने उजव्या कानाला दडा बसल्यासारखं होतंय, ऐकू कमी येतं, दुखत मात्र अजिबात नाही. मळ असेल म्हणून ईएनटीकडे नेलं तर कानाच्या तोंडाशीच छोटी गुळगुळीत गाठ निघाली. तुकडा तपासला, रिपोर्ट सेरुमिनस ॲडेनोमा, म्हणजे कॅन्सर नाही म्हणे. तरी डॉक्टर म्हणतात सीटी करून पूर्ण काढूया. आई म्हणते साधीच आहे ना मग कशाला सुरी लावायची. आणि मी गुगल करून बसले तर जिकडेतिकडे कॅन्सरच, डोकं आउट झालंय.

स्लाइडवाला:
ताई, पॅथॉलॉजीत काम करतो म्हणून लिहितो. कानाच्या नळीचा बाहेरचा कूर्चेचा भाग असतो ना, तिथे मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात, घामाच्याच ग्रंथींचा बदललेला प्रकार, ही गाठ त्यांची. मायक्रोस्कोपखाली दोन थर दिसतात, आतल्या पेशींत मळाचेच पिवळट-तपकिरी कण आणि बाहेरून मायोएपिथेलियल, म्हणजे ग्रंथीला आवळून स्राव बाहेर ढकलणाऱ्या पेशींची एक रांग. ती रांग शाबूत असली की आम्हाला हायसं वाटतं. पण गाठीला नीट कवच नसतं आणि बायोप्सीचा तुकडा असतो एवढासा, त्यात कडा दिसत नाही, ती आजूबाजूला घुसतेय का ते कळत नाही. याच ग्रंथींचा एडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा नावाचा कॅन्सर पण असतो, गुगलवर तुम्ही तोच वाचला असणार, तो मज्जातंतूंच्या कडेकडेने पसरतो म्हणून बरेचदा दुखतो. पक्कं निदान अख्खी गाठ हातात आल्यावरच.

रानवारा:
+१. मामांची प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा नावाची गाठ होती, कानातलीच, तीही साधीच. पहिल्यांदा एकाने ओपीडीतच वरवर खुडून काढली, मुळाशी राहिलं ते दोनेक वर्षांत परत वाढलं, मग दुसरीकडे भूल देऊन कडेच्या चांगल्या कातडीसकट काढली आणि मांडीची पातळ कातडी लावली. त्यानंतर काही नाही. आईंना सांगा एकदाच काय ते नीट होऊ दे.

बोका_नं_१:
हाडाला धक्का आहे का ते सीटीत कळेल. एमआरआय सांगितला तर वैतागू नका, कानाच्या पुढेच पॅरोटिड ही लाळेची ग्रंथी असते, कधीकधी गाठ तिथून कानात आलेली असते. आणि तोंड एका बाजूला वाकडं होणं, डोळा नीट न मिटणं असलं काही दिसलं तर तारखेची वाट न बघता डॉक्टरांना गाठा.

सांजवेळ:
थँक्यू सगळ्यांना! तसलं काही नाहीये. मामांचा किस्सा वाचून दाखवला तर आई म्हणाली सीटी कर मग बघू, म्हणजे अर्धी तयार आहे 😅 सेकंड ओपिनियन घ्यायचं तर परत तुकडा काढावा लागतो का?

स्लाइडवाला:
नाही हो. लॅबमधून स्लाइड आणि तुकडा ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे ब्लॉक दोन्ही मागून घ्या, नुसता रिपोर्टचा कागद नको. परळला टाटामध्ये स्लाइड रिव्ह्यू होतो. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये मार्जिनबद्दल, म्हणजे कापलेल्या कडेला गाठ उरलीय का याबद्दल काय लिहिलंय ते मात्र विचारा, आणि कान दाखवायला पुढची काही वर्षं जात राहा.