बीटा किरणांनी भाजलेले लगेच का दिसत नाही?

प्रश्न
मी प्रयोगशाळेत फॉस्फरस-३२ हा बीटा किरण सोडणारा किरणोत्सारी पदार्थ वापरतो. बीटा किरण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन कण, शरीरात फार खोल जात नाहीत, असे प्रशिक्षणात सांगितले गेले आणि त्यांनी त्वचा भाजल्यास ते दोन-तीन आठवड्यांनी दिसते, असेही. चटका बसला तर तो तेव्हाच कळायला नको का?

उत्तर १
‘फार खोल नाही’ हे शरीराच्या मानाने खरे आहे, त्वचेच्या मानाने नाही. ज्या पेशींच्या विभाजनातून बाह्यत्वचा सतत नव्याने घडते, त्यांचा थर पृष्ठभागाखाली जेमतेम ०.०७ मिलिमीटरवर असतो. ट्रिटियमचे (किरणोत्सारी हायड्रोजनचे) बीटा कण तिथवर पोहोचत नाहीत. फॉस्फरस-३२ चे सर्वांत जोरकस कण मात्र ऊतींमध्ये सुमारे ८ मिलिमीटरपर्यंत जातात.

शिवाय हा चटका उष्णतेचा नव्हेच. तळच्या पेशींची विभाजनाची क्षमता जाते, पण वरच्या पेशी आधीच तयार झालेल्या असल्याने त्या नेहमीप्रमाणे झिजत राहतात आणि खालून भर येईनाशी झाली की मगच त्वचा उघडी पडू लागते. साधारण २ ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रेनंतर काही तासांत येणारी लाली ओसरते, आणि माणूस निर्धास्त होतो. मात्रा ६ ग्रेच्या वर गेली असेल तर दहाएक दिवसांनी ती पुन्हा उमटते. त्याहून बरीच जास्त असेल तर पापुद्रे निघतात, त्वचा ओलसर सोलवटते.

उत्तर २
याचे ठळक उदाहरण म्हणजे १ मार्च १९५४ रोजी प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर झालेली अमेरिकेची हायड्रोजन बाँबची चाचणी. तिची किरणोत्सारी राख राँगेलॅप बेटावरील लोकांच्या अंगावर पडली. पहिले एक-दोन दिवस खाज आणि जळजळ झाली, मग ती थांबली, आणि सुमारे दोन आठवड्यांनी टाळू, मान व पावलांवर व्रण उमटले, केस गळले. कपड्यांखालची त्वचा बहुतांशी वाचली.

प्रश्नकर्ता
म्हणजे हातमोजा असला की चिंता नाही?

उत्तर १
तसे समजू नका. राखेचे कण कपड्यावर अडले, त्वचेला चिकटले नाहीत, हा त्यातला मोठा भाग होता. फॉस्फरस-३२ चे किरण पातळ हातमोज्यातून सहज पार होतात, त्यामुळे थेंब पडलेला हातमोजा ताबडतोब काढावा. त्वचेवर थेंब पडला असेल तर कोमट पाणी आणि साबणाने हलक्या हाताने धुवावे; ब्रशने घासू नये, कारण खरचटलेल्या त्वचेतून तो पदार्थ आत शिरतो. धुतल्यावर किरणोत्सार मोजणाऱ्या उपकरणाने तपासावे आणि सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवावे, लाली दिसो वा न दिसो.