सिमेंटच्या कोर्टावर रोजचं बास्केटबॉल: बॉल, बोट आणि वाद (इंदूर)

सकाळचा_कोर्ट
नमस्कार मंडळी. टिळक नगरच्या बाजूला कॉलनीतल्या सिमेंटच्या कोर्टावर आम्ही नऊ-दहा जण रोज सकाळी सहाला खेळतो. सगळे हौशी. अडचणी तीन. कंपोझिट (कृत्रिम चामड्याचा) बॉल तीन-चार महिन्यांत गुळगुळीत होऊन हातातून निसटायला लागतो. काल रिबाउंडच्या वेळी (चुकून परत आलेला शॉट पकडताना) बॉल मधल्या बोटाच्या टोकावर बसला, बोट सुजलंय. आणि बास्केट झाली की नाही, फाउल होता की नाही, यावरून रोज वाद. काय करावं?

खोल_खाचा
बॉलचं सांगतो. कंपोझिटचं मऊ आवरण लाकडी फ्लोअरवर छान टिकतं, सिमेंट मात्र त्याला कानशीसारखं घासतं. बाहेर खेळायला खोल खाचांचा रबरी बॉल घ्या. पुरुषांसाठी ७ नंबर, घेर ७५ ते ७७ सेंमी, वजन ६०० ग्रॅमच्या आसपास. बायका-मुली खेळत असतील तर ६ नंबर.

बॉल खराब होण्यात हवेचा हात घासण्याइतकाच असतो. व्हॉल्व्हजवळ दाब छापलेला असतो, बहुतेक ७ ते ९ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक). सायकलवाल्याच्या कॉम्प्रेसरने कधीही भरू नका. तो टायरसाठी असतो, दोन सेकंदांत बॉल फुगून अंड्यासारखा होतो आणि पुन्हा गोल होत नाही. हातपंप वापरा. सुई आधी ओली करा, थुंकी लावली तरी चालेल, आणि सरळ आत घाला. कोरडी सुई व्हॉल्व्हचं रबर फाडते, तिरकी घातली तर आत मोडते किंवा ब्लॅडरला (आतल्या हवेच्या पिशवीला) भोक पाडते. ‘रोज हवा जाते’ अशा बॉलमध्ये बहुधा व्हॉल्व्हच फाटलेला असतो.

मीटर नसेल तर भिंतीवर खडूने खुणा करा. बॉलचा खालचा भाग १.८ मीटरवर धरून नुसता सोडा, ढकलू नका. उसळल्यावर वरचा भाग १.२ ते १.४ मीटरच्या मध्ये आला की हवा बरोबर.

उन्हाळ्यात बॉल स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. सकाळी २० अंशांत ८ पीएसआय भरलेला बॉल ४५ अंशांत १० च्या जवळ जातो. बॉलला टेंगूळ येतं ते अशानेच.

पट्टी_आणि_बर्फ
बोटाबद्दल. पहिली गोष्ट, कोणी ‘ओढून मोकळं करतो’ म्हणालं तर हात मागे घ्या. ओढल्याने सुटलेला कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) किंवा हाडाचा कपचा आणखी सरकू शकतो.

तळहात टेबलावर पालथा ठेवा आणि बोटाचं टोक आपल्या ताकदीने सरळ करून बघा. टोक खाली लोंबत असेल आणि दुसऱ्या हाताने सरळ केल्यावरही पुन्हा पडत असेल, तर टोकाचा कंडरा तुटलाय. याला सहसा सहा ते आठ आठवडे सलग स्प्लिंट (बोट सरळ धरून ठेवणारा आधार) लागतो आणि त्या काळात टोक एकदा जरी वाकलं तरी मोजणी पहिल्यापासून. सूज मधल्या सांध्यावर असेल आणि तो सरळ होत नसेल, तरीही थांबू नका, एक्स-रे काढा.

सकाळचा_कोर्ट
टोक सरळ होतंय, मधला सांधा सुजलाय पण तोही सरळ होतोय.

पट्टी_आणि_बर्फ
मग बहुधा सांध्याला मुका मार आहे. फडक्यात गुंडाळून बर्फ १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. शेजारच्या बोटाला पट्टीने बांधा, पण पट्ट्या सांध्यावर नको, सांध्याच्या वर आणि खाली. बोटांच्या मध्ये कापूस ठेवा, नाहीतर घामाने कातडी सोलते. सूज आठवड्यात उतरली नाही तर दाखवून घ्या.

आणि बोटात अंगठी घालून खेळू नका. रिबाउंडला बोटं बॉलच्या दिशेने ताठ करून नेली की हेच होतं. बोटं पसरलेली आणि जराशी वाकलेली ठेवा.

अर्धा_कोर्ट
वादावर उपाय म्हणजे ३-३ चे नियम, टोकियो ऑलिम्पिकपासून तिथेही खेळतात तेच. अर्धा कोर्ट, १० मिनिटं किंवा आधी २१ करेल तो. आर्कच्या (बास्केटसमोरच्या अर्धगोल रेषेच्या) आतून १ गुण, बाहेरून २. पण बाहेरचा शॉट दुप्पट पडला की सगळे तिथूनच फेकायला लागतात. हात बसलेला नसेल तर सगळ्याच बास्केटना १ धरा.

बास्केट झाली की ज्यांच्यावर झाली ते बोर्डाखालून बॉल उचलतात आणि पास किंवा ड्रिबल करून आर्कबाहेर नेतात, चेक (खेळ सुरू करण्याआधी बॉल डिफेन्सला देऊन परत घेणं) नाही. डिफेन्सने रिबाउंड घेतला किंवा बॉल हिसकावला तरी आधी बाहेर जायचं. बाहेर म्हणजे दोन्ही पाय बाहेर, रेषेला स्पर्शही नको. निम्मे वाद इथे मिटतात. बॉल दोघांच्या हातात अडकला तर डिफेन्सचा. फाउल ज्याला लागला त्याने लगेच ओरडायचा. शॉट चुकल्यावर आठवलेला फाउल धरायचा नाही.

दहा जणांत तीन-तीनच्या तीन टीम आणि एक बदली. ‘जिंकेल तो राहील’ ठेवा, पण लागोपाठ दोनच गेम. नाहीतर बाकीचे पोहे खायला निघून जातात!

आणखी एक: रिंगला नेट आहे का? बास्केट गेली की नाही हा वाद बहुतेक नेट नसल्यानेच होतो. साध्या नायलॉनच्या नेटला १२ फास असतात, रिंगखालच्या हुकांना एक-एक अडकवत जा. शिडी नसेल तर कॉलनीच्या वॉचमनकडे मागा. वर चढलातच तर टेप लावून रिंगची उंचीही बघा, ३.०५ मीटर हवी. लटकून लटकून पुढची कड बरेचदा खाली आलेली असते.

सकाळचा_कोर्ट
नेट नाहीच आमच्याकडे. सहा हुक आहेत, बाकीचे तुटलेत.

अर्धा_कोर्ट
मग तुटलेल्या जागी केबल बांधायचे जाड प्लॅस्टिकचे टाय बांधा आणि टोकं बाहेरच्या बाजूला कापा. आत राहिली तर लेअपला (रिंगजवळ उडी मारून बॉल टाकताना) बोट सोलवटतं.