काळ्या आजाराची पट्टी हवीच, पण मगजाला घाबरू नका

इंदूरच्या सुखलियातल्या बांधकाम मजुराच्या सहा वर्षांच्या मुलाबद्दल वर वाचलं: तीन आठवडे ताप, पोट फुगलेलं, विडाल (टायफॉइडची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह, रक्तातल्या तिन्ही पेशी कमी, आणि डॉक्टर हाडातला मगज तपासू म्हणाले म्हणून घरचे हादरलेत. माझं आयुष्य लॅबमध्ये गेलंय, म्हणून थोडी भर.

इंदुरात काळा आजार (वाळूमाशी चावून शरीरात शिरणाऱ्या परजीवीचा आजार) चटकन डोक्यात येत नाही, तो इथला नव्हेच. पण कुटुंब वर्षभरात बिहारमधल्या सारणकडून आलंय म्हणता, मग तो धरायलाच हवा. दोन आठवड्यांवर ताप, वाढलेली प्लीहा (पोटातली पाणथरी), मलेरिया निगेटिव्ह, एवढं जुळलं की आरके-३९ पट्टी, म्हणजे या आजाराविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात आहेत का ते दाखवणारी झटपट चाचणी. बोटातलं थेंबभर रक्त, बफर, दहा मिनिटं. दुसरी रेघ पुसट असली तरी पॉझिटिव्ह. नवखा टेक्निशियन नेमका इथेच गडबडतो.

एकांनी 'पट्टी केली की झालं' लिहिलंय, ते अर्धंच. बरं झाल्यावरही ती वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह येऊ शकते. आजार उलटलाय का, हे तिच्यावरून कळत नाही. तिथे परजीवीच दिसावा लागतो. प्लीहेच्या नमुन्यात तो जास्त सापडतो, पण रक्तस्रावाचा धोका. प्लेटलेट कमी असलेल्या पोराच्या प्लीहेत सुई घालणार कोण? म्हणून मगज. शिवाय ल्युकेमियाही (रक्ताचा कर्करोग) त्यातच कळतो, डॉक्टरांचं चुकलेलं नाही.

एकट्या विडालवर जाऊ नका. आणि मगजाची तपासणी होईपर्यंत कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइड देऊ नका, ल्युकेमिया असलाच तर तो झाकला जातो.