प्रति: गृहभेटींचा उपयोग

वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी गृहभेटीला येतात, रक्तदाब मोजतात, प्रश्नावली भरून नेतात आणि घराच्या हाती काहीच उरत नाही, ही अनेकांची तक्रार रास्त आहे. मात्र म्हणून गृहभेटीच निरर्थक ठरतात, हे मला पटत नाही. विद्यार्थ्यांनी नेमून दिलेल्या कुटुंबांकडे नियमित जाऊन त्यांच्या आरोग्यावर लक्ष ठेवायचे, हा कुटुंब दत्तक उपक्रम देशभरच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात २०२२ साली आला, पण सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यायचे, तिथे शिबिरासाठी मुक्काम करायचा आणि नेमून दिलेल्या कुटुंबांकडे पुढेही जात राहायचे, ही पद्धत त्याच्या कितीतरी आधीची आहे.

आमच्याकडे येणारी विद्यार्थिनी आईचा रक्तदाब दर वेळी आमच्याच वहीत तारखेसह लिहून ठेवत असे. तिसऱ्या भेटीत मागचे आकडे पाहून तिने शांतपणे चौकशी केली, तेव्हा आईने गोळ्या परस्पर बंद केल्याचे आम्हां घरच्यांनाही प्रथमच कळले.